निवड हुकल्यानंतरची शिडी : आइस हॉकीतील एका आघाडीपटूची जडणघडण

(विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मनुष्यबळ विकासाचा विचार करताना सर्वसाधारणपणे शाळा, महाविद्यालये, कौशल्य केंद्रे आणि रोजगार यांची चर्चा होते. क्रीडाक्षेत्राकडे मात्र मनोरंजन किंवा राष्ट्रीय अभिमान या दोनच अंगांनी पाहिले जाते. प्रत्यक्षात व्यावसायिक खेळ ही एक श्रमबाजारपेठ आहे. तेथे कौशल्य घडवावे लागते, त्यासाठी खर्च करावा लागतो, उमेदवारांची निवड होते आणि बहुसंख्य उमेदवार नाकारले जातात. या बाजारपेठेचे एक वैशिष्ट्य असे की, प्रत्येक कामगाराचे काम हजारो लोकांसमोर चालते आणि त्याची आकडेवारी दररोज प्रसिद्ध होते. त्यामुळे निवडीची पद्धत कोठे चुकते आणि ती चूक दुरुस्त कशी होते, हे इतर कोणत्याही क्षेत्रापेक्षा येथे अधिक स्पष्ट दिसते.

या दृष्टीने उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी अभ्यासण्याजोगी आहे. कॅनडातील पंजाबी वंशाचा आघाडीचा खेळाडू अर्शदीप बैन्स याची वाटचाल त्यासाठी उपयुक्त उदाहरण ठरते. तीन वर्षे नाकारला गेलेला हा तरुण अखेर जगातील सर्वोच्च लीगपर्यंत पोहोचला. या घटनेत वैयक्तिक जिद्दीचा भाग आहेच. परंतु ज्या संस्थात्मक रचनेमुळे त्या जिद्दीला दुसरी संधी मिळाली, ती रचना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अधिक शिकवून जाते.

खेळ आणि त्याची श्रमबाजारपेठ

आइस हॉकी हा बर्फाच्या रिंगणात स्केट घालून खेळला जाणारा सांघिक खेळ आहे. चेंडूऐवजी कठीण रबराची चपटी चकती, म्हणजे 'पक', वापरली जाते. एका वेळी प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू बर्फावर असतात : एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीपटू. खेळाचा वेग इतका असतो की आघाडीपटू एका वेळी सुमारे पाऊण मिनिटच खेळतो आणि त्याची जागा दुसरा घेतो. यामुळे संघाला तीन-तीन आघाडीपटूंच्या चार तुकड्या लागतात. पहिल्या दोन तुकड्यांकडून गोलची अपेक्षा असते. उरलेल्या दोन तुकड्यांकडे प्रतिस्पर्ध्याला रोखणे, संघाचा एखादा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना किल्ला लढविणे, अशी कष्टाची कामे असतात.

सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग, संक्षेपाने एनएचएल. तिच्यात अमेरिका व कॅनडातील मिळून ३२ संघ आहेत. प्रत्येक सामन्यात एका संघाचे साधारण १२ आघाडीपटू उतरतात. म्हणजे कोणत्याही दिवशी साऱ्या जगातील आघाडीपटूंसाठी जेमतेम ३८४ जागा उपलब्ध असतात. या जागांवर कॅनडा व अमेरिकेबरोबरच स्वीडन, फिनलंड, रशिया, झेकिया अशा देशांतील खेळाडूंचाही दावा असतो. जागांची ही मर्यादा लक्षात घेतल्याशिवाय पुढील विवेचनाचे महत्त्व कळणार नाही.

मोबदल्यातील दरी तर याहून मोठी आहे. २०२३-२४ च्या हंगामात एनएचएलमधील किमान वार्षिक वेतन ७ लाख ७५ हजार डॉलर होते. त्याच्या एकच पायरी खाली असलेल्या लीगमध्ये त्याच खेळाडूला त्याचा लहानसा अंश मिळतो. कौशल्यात थोडाच फरक, पण उत्पन्नात मात्र प्रचंड तफावत, या प्रकाराचे विश्लेषण अर्थतज्ज्ञ शर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये 'सुपरस्टार'च्या अर्थशास्त्रावरील आपल्या शोधनिबंधात केले होते. अशा बाजारपेठेत निवडीतील लहानशा चुकीची किंमतही उमेदवाराला आयुष्यभर मोजावी लागू शकते.

पहिली चाळणी आणि तिच्यातील दोष

एनएचएलमध्ये नवोदितांचा प्रवेश मुख्यत्वे 'ड्राफ्ट' या वार्षिक निवडप्रक्रियेतून होतो. १९६३ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत संघ क्रमाक्रमाने तरुण खेळाडूंची नावे पुकारतात आणि ज्या संघाने नाव पुकारले त्यालाच त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क ठराविक काळासाठी मिळतो. गेल्या हंगामात मागे राहिलेल्या संघांना आधी निवड करता यावी, हा त्यामागील हेतू आहे. पहिल्या काही क्रमांकांसाठी सोडतही असते. सध्या निवडीच्या सात फेऱ्या होतात आणि एका वर्षी साधारण २२४ खेळाडू निवडले जातात. ज्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत वयाची अठरा वर्षे पूर्ण होतात, त्या वर्षापासून खेळाडू पात्र ठरतो. उत्तर अमेरिकेतील खेळाडू एकदा निवडला गेला नाही, तर पुढील दोन वर्षेही त्याचा विचार होऊ शकतो. त्यानंतर तो मुक्त होतो. म्हणजे कोणत्याही संघाला त्याच्याशी थेट करार करता येतो. अर्थात कोणाला इच्छा असेल तर.

अठरा वर्षांच्या मुलाविषयी असा निर्णय घेताना माहितीचा अपुरेपणा ही मूळ अडचण असते. शारीरिक वाढ पूर्ण झालेली नसते. एखादा मुलगा सोळाव्या वर्षीच भरतो, तर दुसरा एकोणिसाव्या वर्षी. संघाचे निरीक्षक ज्याला 'प्रतिभा' समजतात, ती पुष्कळदा केवळ लवकर आलेली प्रौढता असते.

याचा एक ठळक पुरावा जन्ममहिन्यांत सापडतो. कॅनडात बालवयातील गट १ जानेवारी ही तारीख धरून पाडले जातात. साहजिकच जानेवारीत जन्मलेला मुलगा आपल्या गटातील डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. आठ-नऊ वर्षांच्या वयात हा फरक फार मोठा. मोठा मुलगा चांगल्या संघात निवडला जातो, त्याला अधिक सराव आणि उत्तम प्रशिक्षक मिळतात, आणि आरंभीचा योगायोग पुढे खऱ्या गुणवत्तेत रूपांतरित होतो. कॅनडातील प्रमुख ज्युनियर लीगमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्या खेळाडूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक असल्याचे मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले. पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९८० ते २००७ या काळात ड्राफ्टमध्ये निवडल्या गेलेल्या कॅनेडियन खेळाडूंचा मागोवा घेण्यात आला. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या खेळाडूंनी आपल्या निवडक्रमावरून अपेक्षित असलेल्या कामगिरीपेक्षा सरस कामगिरी केल्याचे त्यात आढळले. याचा अर्थ असा की, लाखो डॉलर पणाला लावणारे अनुभवी व्यवस्थापनही वर्षानुवर्षे एकाच दिशेने चुकत होते.

निवडपद्धती सदोष असते, एवढाच निष्कर्ष यातून काढणे पुरेसे नाही. कोणतीही निवडपद्धती सदोषच असणार. खरा प्रश्न असा की, पहिल्या चाळणीत सुटलेले धान्य पुन्हा पाखडण्याची व्यवस्था आहे किंवा नाही.

रेड डिअरमधील हंगाम

अर्शदीप बैन्सचा जन्म २००१ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील सरे येथे झाला. व्हँकुव्हर महानगराचा भाग असलेल्या या शहरात पंजाबी वंशाची वस्ती मोठी आहे. या समाजात आइस हॉकीची आवड इतकी रुजली की २००८ पासून 'हॉकी नाइट इन कॅनडा' या कॅनडातील अतिशय लोकप्रिय कार्यक्रमाचे पंजाबी समालोचन सुरू झाले. खेळ पाहणाऱ्यांची संख्या वाढली, तरी सर्वोच्च स्तरावर खेळणाऱ्यांची संख्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. १९८९ मध्ये रॉबिन बावा हे एनएचएलमध्ये उतरलेले भारतीय वंशाचे पहिले खेळाडू ठरले. त्यांना ६१ सामने मिळाले. मॅनी मल्होत्रा यांची १९९८ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर निवड झाली आणि ते ९९१ सामने खेळले. जुझार खैरा याची निवड २०१२ मध्ये तिसऱ्या फेरीत झाली.

बैन्सची वाट यांतील शेवटच्या दोघांपेक्षा वेगळी होती. अल्बर्टा प्रांतातील रेड डिअर या शहराच्या 'रेबेल्स' संघाकडून तो वेस्टर्न हॉकी लीगमध्ये खेळू लागला. ही कॅनेडियन हॉकी लीगच्या छत्राखालील तीन प्रमुख ज्युनियर लीगपैकी एक होय. अन्य दोन ओंटारिओ व क्वेबेक येथील. साधारण सोळा ते वीस वर्षे वयाचे खेळाडू त्यांत खेळतात. मुले घर सोडून दुसऱ्या शहरात यजमान कुटुंबाकडे राहतात, दिवसा शाळा करतात, सायंकाळी सराव करतात आणि सामन्यांसाठी कडाक्याच्या थंडीत शेकडो किलोमीटरचा बसप्रवास करतात.

बैन्सच्या आरंभीच्या हंगामांत निरीक्षकांचे लक्ष वेधून घेणारे फारसे काही नव्हते. २०१९ मध्ये तो ड्राफ्टसाठी प्रथम पात्र ठरला. त्याचे नाव पुकारले गेले नाही. २०२० मध्येही नाही. त्यातच कोविडच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये लीगचा हंगाम अर्धवट थांबला आणि पुढचा हंगाम अत्यंत तोकडा झाला. विकासाच्या ऐन वयात खेळायलाच न मिळणे, ही त्या पिढीतील सर्वच खेळाडूंवर आलेली आपत्ती होती. २०२१ मध्ये बैन्सला तिसऱ्यांदा वगळण्यात आले आणि ड्राफ्टचा दरवाजा त्याच्यासाठी कायमचा बंद झाला.

येथे ज्युनियर लीगचा एक छोटासा नियम महत्त्वाचा ठरतो. प्रत्येक संघाला वीस वर्षे वयाचे जास्तीत जास्त तीन खेळाडू ठेवता येतात. लीग तरुणांसाठीच राहावी म्हणून ही मर्यादा आहे. परंतु जागा शून्य न ठेवता तीन ठेवल्या आहेत, यातच धोरणाचे मर्म आहे. उशिरा उमलणाऱ्या खेळाडूला एक अखेरचे वर्ष मिळते. बैन्सने २०२१-२२ चा हंगाम या शेवटच्या वर्षातील खेळाडू म्हणून खेळला आणि ६८ सामन्यांत ४३ गोल व ६९ सहाय्य असे एकूण ११२ गुण मिळविले. संपूर्ण लीगमध्ये तो सर्वाधिक गुणांचा मानकरी ठरला. हंगाम संपण्यापूर्वीच, मार्च २०२२ मध्ये, व्हँकुव्हर कॅनक्स या संघाने त्याच्याशी करार केला. ज्या शहराच्या परिसरात तो वाढला, त्याच शहराचा हा संघ.

वीस वर्षांच्या खेळाडूने सोळा-सतरा वर्षांच्या मुलांविरुद्ध गुण मिळवावेत यात विशेष ते काय, अशी शंका जाणकार घेतात आणि ती रास्तही आहे. म्हणूनच एवढ्या यशानंतरही बैन्सला सर्वोच्च संघात थेट जागा मिळाली नाही. त्याला मिळाली ती पुढच्या परीक्षेस बसण्याची परवानगी.

शिक्षणाची हमी आणि वेतनाचा वाद

जे यशस्वी झाले त्यांच्याकडे पाहून धोरण आखण्याची चूक अनेकदा होते. ज्युनियर लीगमधील बहुतांश मुले कधीच एनएचएलमध्ये पोहोचत नाहीत. सोळाव्या वर्षी घर सोडून खेळामागे धावलेल्या मुलाने एकविसाव्या वर्षी करायचे काय, हा प्रश्न कोणत्याही क्रीडाव्यवस्थेच्या नैतिकतेची कसोटी आहे.

वेस्टर्न हॉकी लीगने यावर १९९३ पासून शिष्यवृत्तीचा उपाय योजला आहे. लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे खेळाडूला पुढील शिक्षणाच्या एका वर्षाचे शुल्क व पुस्तकांचा खर्च मिळतो. त्यासाठी मुदत व इतर अटी असतात. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा एक प्रकारचा विमा आहे. अनिश्चित व्यवसायात उतरणाऱ्याची जोखीम काही अंशी संस्था उचलते आणि त्यामुळे ज्याच्या कुटुंबाची आर्थिक स्थिती बेताची आहे, असा मुलगाही ही जोखीम पत्करू शकतो.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे. ज्युनियर खेळाडूंना नियमित वेतन नव्हे, तर अल्पसा भत्ता मिळतो. तिकिटे, जाहिराती व प्रक्षेपण यांतून संघ उत्पन्न मिळवीत असताना खेळाडूंना किमान वेतन का नाही, असा प्रश्न उपस्थित करून २०१४ मध्ये माजी खेळाडूंनी न्यायालयात सामूहिक दावे दाखल केले. लहान गावांतील संघांना हा बोजा पेलणार नाही, असे लीगचे म्हणणे होते. कॅनडातील अनेक प्रांतांनी पुढे आपल्या कायद्यांत बदल करून ज्युनियर खेळाडूंना किमान वेतनाच्या तरतुदींतून वगळले. खेळाडू हा विद्यार्थी की कामगार, हा वाद त्यामुळे मिटला नाही. तो केवळ कायद्यापुरता बाजूस ठेवला गेला.

याच भत्त्याचा आणखी एक परिणाम दीर्घकाळ जाणवत होता. ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्यास अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेची, म्हणजे एनसीएएची, दारे व्यावसायिक ठरवून बंद केली जात. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीच मुलाला दोन वाटांपैकी एक निवडावी लागे आणि निवड चुकली तर परतीचा मार्ग नसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा नियम बदलण्याचा निर्णय झाला आणि ऑगस्ट २०२५ पासून ज्युनियर खेळाडूंना अमेरिकी विद्यापीठांच्या संघांतून खेळणे शक्य झाले. एका बंद वाटेला जोडरस्ता मिळाला, असे या बदलाचे वर्णन करता येईल.

प्रशिक्षणाचा खर्च कोणी करावा?

करारानंतर बैन्सला व्हँकुव्हरने आपल्या अॅबट्सफर्ड येथील संलग्न संघाकडे पाठविले. हा संघ अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलच्या लगतच्या खालच्या स्तरावर खेळतो. या लीगमध्येही ३२ संघ असून प्रत्येक संघ एनएचएलच्या एकेका संघाशी जोडलेला आहे. एनएचएलमधील सुमारे ९० टक्के खेळाडू आपल्या लीगमधून घडून गेलेले असतात, असे ही लीग सांगते.

मानवी भांडवलाचा सिद्धांत मांडताना गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात सर्वसाधारण आणि विशिष्ट प्रशिक्षण असा महत्त्वाचा भेद केला. जे कौशल्य कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते, त्याचा खर्च मालक सहसा उचलत नाही. कारण शिकून तयार झालेला कामगार अधिक वेतनासाठी दुसरीकडे जाऊ शकतो. हॉकीचे कौशल्य नेमके या प्रकारचे आहे. तरीही एनएचएलचे संघ खालच्या लीगमधील खेळाडूंचे वेतन, प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ यांवर खर्च करतात. याचे उत्तर कराराच्या स्वरूपात आहे. तरुण खेळाडूचा पहिला करार ठराविक मुदतीचा, कमाल मर्यादा असलेला असतो आणि त्यानंतरही काही वर्षे त्याच्यावर संघाचा प्राधान्य-हक्क राहतो. खेळाडू आपल्या स्वातंत्र्याचा काही भाग गहाण ठेवतो आणि त्या बदल्यात संघ प्रशिक्षणाचा खर्च करतो.

२००५ पासून एनएचएलमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादा आहे. तत्पूर्वी याच मुद्द्यावरून २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला होता. ही मर्यादा २००५-०६ मध्ये ३ कोटी ९० लाख डॉलर होती, तर २०२५-२६ साठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर ठरविण्यात आली. मोठ्या खेळाडूंवर मोठा भाग खर्च झाल्यावर उरलेल्या रकमेत तिसरी-चौथी तुकडी उभी करायची असेल, तर कमी वेतनात चांगले खेळणारे तरुण लागतात. त्यामुळे दुर्लक्षित खेळाडूंचा शोध घेणे ही दयाबुद्धीची बाब न राहता व्यवहाराची गरज बनली. नियमांची रचना योग्य असेल, तर स्वार्थही वगळलेल्यांसाठी दार उघडतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुय्यम लीगने अनुभवी खेळाडूंनीच भरून जाऊ नये, यासाठीही नियम आहे. सामन्यात उतरणाऱ्या १८ क्षेत्ररक्षक व आघाडीच्या खेळाडूंपैकी १३ जण ठराविक संख्येपेक्षा कमी व्यावसायिक सामने खेळलेले असावे लागतात. हे एक प्रकारचे आरक्षणच आहे. पण ते नवशिकेपणासाठी आहे आणि अनुभव वाढताच आपोआप संपते.

अॅबट्सफर्डची तीन वर्षे

व्यावसायिक स्तरावरील पहिला हंगाम बैन्ससाठी नम्र करणारा ठरला. ज्युनियर लीगमध्ये ११२ गुण मिळविणाऱ्या या खेळाडूला २०२२-२३ मध्ये अॅबट्सफर्डकडून ६६ सामन्यांत ३८ गुणांवर समाधान मानावे लागले. येथे प्रतिस्पर्धी मुले नव्हती, तर पूर्ण वाढलेले, अनुभवी पुरुष होते. ज्युनियर स्तरावर पक जवळ बाळगून विचार करण्यास जो क्षणभराचा वेळ मिळतो, तो येथे मिळत नाही. रिंगणाच्या कडेला प्रतिस्पर्ध्याच्या धडका सोसून पक राखणे, आपल्या गोलकडे वेळेवर परतणे, गोल न करताही संघाच्या उपयोगी पडणे, या गोष्टी गुणतक्त्यात दिसत नाहीत. आघाडीपटूच्या पदोन्नतीचा निर्णय मात्र बहुधा त्यांवरच होतो.

दुसऱ्या हंगामात, २०२३-२४ मध्ये, त्याने ५९ सामन्यांत ५५ गुण मिळविले. लीगच्या निवडक खेळाडूंच्या स्पर्धेत तो सर्वोत्कृष्ट ठरला आणि लगेच, २० फेब्रुवारी २०२४ रोजी, कोलोरॅडोविरुद्ध त्याने एनएचएलमध्ये पदार्पण केले. त्या मोसमातील आठ सामन्यांत त्याला एकही गुण मिळाला नाही आणि त्याला पुन्हा अॅबट्सफर्डला परतावे लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने एनएचएलमधील पहिला गोल केला. त्यानंतरही वर जाणे आणि खाली येणे चालूच राहिले. जून २०२५ मध्ये अॅबट्सफर्डने शार्लट संघाचा अंतिम मालिकेत ४-२ असा पराभव करून काल्डर चषक जिंकला. त्या विजयी संघात बैन्स होता आणि संघाचे मुख्य प्रशिक्षक होते मॅनी मल्होत्रा.

हा योगायोग सूचक आहे. ज्या समाजातून सर्वोच्च स्तरावर मोजकेच खेळाडू गेले, त्यांतील एकाने पुढच्याला घडविण्याच्या जागी बसणे, हेही एक प्रकारचे सामाजिक भांडवल होय.

या यशाची मर्यादाही नमूद केली पाहिजे. पदार्पण म्हणजे स्थैर्य नव्हे. चौथ्या तुकडीतील आघाडीपटूची जागा प्रत्येक शिबिरात पुन्हा जिंकावी लागते. शिवाय हा खेळ महागडा आहे. स्केट, संरक्षक साहित्य, बर्फावरील सरावाचे शुल्क आणि प्रवास यांचा भार पालकांवर पडतो आणि चाळणीपर्यंत न पोहोचताच अनेक मुले मागे राहतात. वरच्या पायऱ्या कितीही खुल्या असल्या, तरी पहिली पायरी उंच असेल तर शिडी सर्वांची होत नाही.

लडाखच्या बर्फावर

या अनुभवातून भारताने काय घ्यावे? आपल्या देशात आइस हॉकी प्रामुख्याने लडाख व हिमाचल प्रदेशातील उंच भागांत खेळली जाते. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य आहे. लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यांवर मुले स्केटिंग शिकतात. परंतु नैसर्गिक बर्फाचा काळ वर्षातून जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा असतो. कॅनडातील मुलगा ज्या काळात शेकडो तास बर्फावर घालवितो, त्या काळात लडाखमधील मुलगी बर्फ धरण्याची वाट पाहत असते. येथे प्रतिभेचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो बर्फावरील तासांचा.

तरीही प्रगती झाली आहे. राष्ट्रीय महिला संघ २०१६ मध्ये प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, २०१७ मध्ये त्याने पहिला विजय मिळविला आणि २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे झालेल्या महिला आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक पटकावले. या संघातील खेळाडू मुख्यत्वे लडाख व हिमाचलमधील आहेत. खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धांना २०२० मध्ये प्रारंभ झाला आणि २०२४ व २०२५ मध्ये बर्फावरील खेळ लेह येथे झाले. देहरादून येथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेले कृत्रिम बर्फाचे रिंगण दीर्घकाळ बंद राहून २०२५ मध्ये पुन्हा वापरात आले. भांडवली खर्च एकदा होतो, पण देखभालीची तरतूद नसेल तर मालमत्ता निष्क्रिय पडते, हा नियोजनातील जुनाच धडा त्यातून पुन्हा मिळाला.

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २००१ च्या धोरणाच्या जागी नवे राष्ट्रीय क्रीडा धोरण, अर्थात 'खेलो भारत नीती', मंजूर केले. प्रतिभेचा लवकर शोध घेणे आणि खेळाची शिक्षणाशी सांगड घालणे, यांवर त्यात भर आहे. कॅनडाच्या अनुभवाच्या प्रकाशात यांना एका तिसऱ्या सूत्राची जोड आवश्यक वाटते : पुनर्मूल्यांकन. लवकर शोधणे उपयुक्त आहे; परंतु लवकर शोधणे म्हणजे लवकर वगळणेही असते. चौदाव्या वर्षी निवडयादीत नसलेल्या मुलामुलींसाठी अठराव्या व एकविसाव्या वर्षी पुन्हा चाचणीची सोय असावी. खेळात घालविलेल्या प्रत्येक वर्षामागे शिक्षणाची निश्चित हमी असावी. निवृत्त खेळाडूंना त्याच प्रदेशात प्रशिक्षक म्हणून उभे करावे. लडाखमधील अनेक खेळाडूंना लष्कर आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या संघांमुळे खेळाबरोबर उपजीविकाही लाभली आहे. या पायऱ्या आज सुट्या सुट्या आहेत. त्या जोडल्या गेल्या, तर त्यांची शिडी होईल.

समारोप

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना वयोमर्यादा, संधींची संख्या आणि मोजक्या जागा यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. उद्या त्यांच्यापैकी काहीजण अशाच निवडपद्धती आखण्याच्या व राबविण्याच्या जागी बसतील. त्या वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. निवड ही एखाद्या क्षणी केलेली मोजणी असते. माणसाची वाढ मात्र त्या क्षणी थांबत नाही.

बैन्सची गुणवत्ता २०१९, २०२० व २०२१ मध्ये मोजली गेली आणि कमी भरली. ती मोजणी त्या त्या वेळेपुरती कदाचित बरोबरही असेल. परंतु वीस वर्षे वयाच्या खेळाडूंसाठी राखलेल्या तीन जागा, निवड न झालेल्यांशी थेट करार करण्याची मुभा आणि नवोदितांना खेळविण्यास बांधलेली दुय्यम लीग, या तीन व्यवस्था नसत्या तर ती मोजणी अंतिम ठरली असती. त्याच्याबरोबर वगळले गेलेले इतर कित्येक तरुण आज बर्फापासून दूर, अन्य व्यवसायांत असतील. शिष्यवृत्तीच्या आधारे त्यांच्यापैकी जे शिकले, त्यांची नोंद कोणत्याही गुणतक्त्यात नाही. त्या व्यवस्थेचे मूल्यमापन करताना मात्र काल्डर चषकाइतकेच त्यांनाही मोजावे लागेल.